वाचक विचारतात: नेर्हाला जायचंय, आधी काय करू?

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की आम्ही सप्टेंबरात आईला घेऊन ब्रिटनहून स्पेनमधल्या नेर्हाला जाऊन आलो, मालागाच्या पूर्वेला साधारण पंचावन्न किलोमीटरवर समुद्राकाठचं गाव आहे, छान आहे, जा. बास एवढंच. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त नेर्हाच घेतेय. (स्पेलिंगमध्ये J हे अक्षर आहे म्हणून सगळे नेरजा नेरजा करतात, स्पॅनिशमध्ये तो ह सारखा उच्चारतात. बसच्या खिडकीवर नेरजा म्हणालात तरी तिकीट मिळतं, काळजी नको.)

आम्ही दोघं स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत, पासपोर्ट भारतीय, ब्रिटनचा ईव्हिसा आहे. ऑफिसातले सगळे म्हणतात स्पेनला काही लागत नाही, नुसतं तिकीट काढा. तिकीट इतकं स्वस्त दिसतंय की हात शिवशिवतायत. काढू का? — हात शिवशिवणारा, स्लाऊ

थांबा!! ऑफिसातले सगळे बहुतेक ब्रिटिश पासपोर्टवाले असणार, त्यांना खरंच काही लागत नाही. तुम्हाला शेंगेन व्हिसा (स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) लागतो, ईव्हिसा असो, आयएलआर म्हणजे इथे कायम राहायची परवानगी असो, वीस वर्षं टॅक्स भरलेला असो. पासपोर्ट भारतीय तर व्हिसा पाहिजे. मूल इथे जन्मलं असेल पण पासपोर्ट भारतीय असेल तर त्यालाही. आणि नवरा ब्रिटिश, बायको भारतीय अशी जोडी असेल तर पूर्वी ब्रेक्झिटच्या आधी कुटुंबीय म्हणून फुकटात आणि लवकर व्हिसा व्हायचा तो प्रकार आता संपलाय, बायकोने सगळ्यांसारखंच रांगेत उभं राहायचं.

स्पेनचे अर्ज इथे बीएलएस नावाच्या कंपनीच्या सेंटरवर घेतात, लंडन, मँचेस्टर आणि एडिंबराला. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या खाली काही नाही, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत ताणू शकतात. खरी अडचण ही पंधरा दिवसांची नाहीचे. अडचण अपॉइंटमेंटची. उन्हाळ्याच्या तोंडावर स्लॉट मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट, त्यातलाच प्रकार. मग कोणीतरी एजंट फोन करतो की माझ्याकडे स्लॉट आहे, एवढे पाउंड द्या. देऊ नका. रोज सकाळी स्वतः साइट उघडून बघत राहा, लोक कॅन्सल करतात तेव्हा स्लॉट सुटतात, आम्हाला असाच मिळाला.

कागद काय काय, तर पासपोर्ट, ईव्हिसाचा शेअर कोड (तुमचा व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन दाखवायचा कोड) आणि त्याची प्रिंट, नोकरीचं पत्र, तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट, राहायची बुकिंग, आणि किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स. जायच्या आधी एक गोष्ट जरूर करा, पासपोर्ट रिन्यू केला असेल तर नवा नंबर तुमच्या यूकेव्हीआय (ब्रिटनचं व्हिसा खातं) अकाउंटला जोडलाय का बघा, राहायच्या परवानगीची बीआरपी ही प्लास्टिकची कार्डं गेली, आता परत येताना एअरलाइन ऑनलाइनच तपासते आणि तिथे जुना पासपोर्ट दिसला की काउंटरवर घाम फुटतो.

आता तिकिटाचं. दोन वर्षांपूर्वी मीच ही माती खाल्लीये म्हणून सांगते. स्वस्त दिसलं म्हणून चौघांची नॉन-रिफंडेबल तिकिटं आधी काढली, मग स्लॉट मिळेना, मिळाला तो आमच्या फ्लाइटच्या नऊ दिवस आधीचा, पासपोर्ट हातात आला तेव्हा आमचं विमान जाऊन चार दिवस झाले होते. वर नवरा शांतपणे म्हणतो, व्हिसा तरी छान आलाय ना. तेव्हा कॅन्सल करता येईल असं हॉटेल बुक करा, फ्लाइटचं रिझर्व्हेशन लावा आणि पैसे भरून तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा. चाळीस पाउंड जास्त जातील, जाऊ देत.

आणि व्हिसा सिंगल एंट्री आला असेल तर तिथे गेल्यावर "चला टँजियरची डे-ट्रिप करू, आफ्रिकेत पाय ठेवू" असल्या पाट्यांना भुलू नका, टँजियर मोरोक्कोत आहे. मोरोक्कोला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, परत आत यायला एंट्रीच उरत नाही, शिवाय मोरोक्कोचा व्हिसा वेगळा.

आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर इथे आलेत. आता घरात बसून कंटाळलेत. त्यांचा स्पेनचा व्हिसा इथूनच काढता येईल ना? — मिल्टन कीन्सची लेक

येईल असं मी म्हणणार नाही. शेंगेनचा नियम असा आहे की तुम्ही जिथे राहता तिथून अर्ज करायचा. आई-बाबा राहतात पुण्यात, इथे पाहुणे आहेत. पाहुण्यांचा अर्ज पटण्यासारखं कारण असेल तर घेऊ शकतात असा अपवाद नियमात आहे पण "आई-बाबा कंटाळले" हे त्या ऑफिसराला पटण्यासारखं कारण वाटेल का, तुम्हीच सांगा. या वेळी त्यांना कॉर्नवॉल दाखवा.

पुढच्या वेळी मात्र शहाणपणा असा, की ते तिकडून निघायच्या आधीच मुंबईहून स्पेनचा व्हिसा काढायचा, अर्जात सरळ लिहायचं की आधी ब्रिटनला मुलीकडे, मग तिथून इतके दिवस स्पेन, मग परत ब्रिटन आणि मग घर. आम्ही आईचं असंच केलं. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा साधारणपणे मल्टिपल एंट्रीचाच असतो त्यामुळे परत इकडे यायला अडत नाही, तरी त्यांच्या व्हिसावर काय लिहिलंय ते एकदा डोळ्यांनी वाचा. आणि परत आल्यावर नवीन सहा महिने सुरू झाले असं धरून त्यांना वर्षभर ठेवून घेऊ नका हं, इमिग्रेशनवाल्यांना हिशेब येतो.

आमचे पासपोर्ट ब्रिटिश, एक्स्पायरी मे २०२७ ची आहे, म्हणजे निवांत आहोत. बरोबर? — निवांत, हॅरो

इश्यू डेट बघा. एक्स्पायरी नाही, इश्यू डेट. २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत ब्रिटनमध्ये पासपोर्ट लवकर रिन्यू केला की जुने उरलेले महिने नव्यात टाकून द्यायचे, त्यामुळे काही पासपोर्ट दहा वर्षं नऊ महिन्यांचे आहेत. युरोपला ते वरचे महिने मान्य नाहीत. आत जाण्याच्या दिवशी पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला पाहिजे, आणि बाहेर पडायच्या तारखेपासून पुढे तीन महिने एक्स्पायरी पाहिजे, दोन वेगळ्या अटी आहेत. तुमचा मे २०२७ ला संपणारा पासपोर्ट ऑगस्ट २०१६ चा असेल तर ऑगस्ट २०२६ नंतर तो स्पेनसाठी मेला. लोक गेटवरून परत येतात यामुळे, मुलं सँडल-टोपी घालून तयार आणि बाप फोनवर.

बाकी तुम्हाला १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, व्हिसा नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस (युरोपात येण्याजाण्याची नोंद ठेवणारी यंत्रणा) सुरू झालंय, म्हणजे पासपोर्टवर शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे (बाराच्या खालच्या मुलांचे ठसे नाहीत), ते मालागाला उतरल्यावर मशीनवर होतं, फुकट आहे, पण रांग लागते तेव्हा उतरल्या उतरल्या लगेचची बस पकडायचा प्लॅन करू नका. यानंतर ईटीआयएएस म्हणून ऑनलाइन परवानगी येणार आहे, २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत असं जाहीर केलंय, २० युरो. आत्ताच कोणी साइट पैसे मागत असेल तर ती साइट चोराची आहे.

चिवडा, बाकरवडी, श्रीखंड, तूप, मेथीचे पराठे. काय नेऊ? — अर्धवट भरलेली बॅग, क्रॉयडन

अगं तू जेवायला चाललीयेस की फिरायला!

ब्रिटनहून युरोपात जाताना मटण-चिकन आणि दुधाचं काहीही नेता येत नाही. म्हणजे श्रीखंड नाही, तूप नाही, पेढे नाहीत, पनीर नाही, सँडविचमधलं चीजसुद्धा नाही. बाळाचं दूध-पावडर चालतं. चिवडा, बाकरवडी, चटण्या न्या. पराठे तेलावर केलेले, दही न घालता भिजवलेले न्या. फळांचीही गंमत आहे, बहुतेक ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतं, पण पाच फळं मोकळी आहेत, अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे आंबा नेला तर गुन्हा आणि नारळ नेला तर चालतो. हा नियम करणारा माणूस मनाने कोकणातला असावा.

परत येताना उलटी बाजू, एप्रिल २०२५ पासून ब्रिटननेही युरोपातून मांस आणि दुधाचे पदार्थ स्वतःसाठी आणायला बंदी केलीये, तोंडखुरी-पायखुरी रोगामुळे. तेव्हा विमानतळावरच्या दुकानात ते चीज छान गुंडाळून ठेवलेलं असतं ते बघायचं आणि पुढे जायचं.

सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. सासरे मालवणचे, त्यांना मासे नसतील तर जेवण नाही. दोघांना एका टेबलावर कसं जेवू घालू? — मधल्यामध्ये सून, रेडिंग

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण आमच्याही टेबलावर हेच होतं.

आधी सासूबाई. स्पेनमध्ये "व्हेजिटेरियन" म्हटलं की वेटर हसून मान डोलावतो आणि ट्यूना घातलेलं सॅलड आणतो, त्याच्या लेखी तो मासा म्हणजे भाजीच. ट्यूनाला तिकडे म्हणतात आतून. खरंच, आतून. आणि तो खरोखर सॅलडच्या आतूनच निघतो. तेव्हा पाठ करून ठेव, "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून, सिन उएवो", म्हणजे मांस नको, मासा नको, डुकराचं हॅम नको, ट्यूना नको, अंडं नको. हॅम वेगळं सांगावंच लागतं, ते कशावरही भुरभुरतात, आपण कोथिंबीर घालतो तसं. तोर्तिया नाव ऐकून पोळी समजू नका, ते बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट असतं. क्रोकेतास म्हणजे तळलेले गोळे नको, आत हॅम असतं. भाजीचा पाएया (तिकडचा भात) असला तरी तो कशाच्या पाण्यात शिजवलाय ते विचार.

मग खायचं काय? टोमॅटो चोळलेला भाजका पाव. पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, वर जाड मीठ. आहोब्लांको, हे मालागाचं खास, बदाम-लसूण-पाव वाटून केलेलं पांढरं थंडगार सूप, वर द्राक्षं, आईने पहिल्यांदा चमचा बुडवताना तोंड वाकडं केलं आणि मग माझाही वाडगा ओढून घेतला. आणि सगळ्यात वर, बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या. वांग्याचे पातळ काप तळून त्यावर काळसर पाकाची धार. मेनूवर हनी लिहिलेलं असतं पण तो मध नाही, आईने बोट लावून चाखलं आणि म्हणाली, "अगं ही तर काकवी!" काकवीच आहे. अरबांच्या काळापासून त्या किनाऱ्यावर ऊस होता, साखरेचे कारखाने होते, नेर्हाच्या वरच्या डोंगरात फ्रिहिलियाना म्हणून पांढऱ्या घरांचं गाव आहे तिथे उसाची काकवी अजून करतात, युरोपात असा हा एकच कारखाना उरलाय म्हणतात. कापांचं आवरण अंड्यात बुडवलेलं नाही ना एवढं मात्र विचारून घे.

आता सासरे. त्यांना बुरियाना बीचवर ने आणि चिरिंगीतोत बसव, चिरिंगीतो म्हणजे गोव्याच्या शॅकसारखं. बाहेर वाळूत जुनी होडी ठेवलेली असते, होडीतही वाळूच भरलेली, त्या वाळूत लाकडाचा जाळ. सहा-सहा तारल्या (सार्डिन) एका काठीत ओवतात, काठी जाळाच्या बाजूला तिरकी खोचतात, वर फक्त जाड मीठ. मसाला नाही, हळद नाही, काही नाही. तो भाजणारा माणूस वाऱ्याची दिशा बघून काठ्या सरकवत राहतो, बोलत नाही, मी अर्धा तास त्याच्याकडेच बघत बसले होते. याला एस्पेतो म्हणतात. हाताने खायचं, माशाचा काटा काढायला सासऱ्यांना शिकवावं लागणार नाही. तिकडे एक म्हणणं आहे की ज्या महिन्याच्या नावात र नाही त्या महिन्यात सार्डिन चांगली, म्हणजे मे ते ऑगस्ट. आपल्याकडे नेमकी तेव्हा मासेमारी बंद आणि श्रावण! शिवाय बोकेरोनेस मागवा, मांदेलीच्या नात्यातले छोटे मासे, अख्खे तळलेले.

वेळेचं लक्षात ठेव, जेवण दुपारी दोनला आणि रात्री नऊला. साडेसहाला डिनर मागितलंस तर किचनच उघडलेलं नसतं. चिवडा त्यासाठीच न्यायचा.

कधी जावं? आईचे गुडघे दुखतात, गुहा बघता येतील का? — लेस्टरहून

ऑगस्ट सोडून कधीही. ऑगस्टमध्ये अर्धं स्पेन आणि अर्धं ब्रिटन तिथे असतं, आणि जमिनीकडून तेर्राल वारा सुटला की मालागाकडे भट्टी. मला सप्टेंबरचा शेवट आवडला, पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं, मुलांच्या शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरते, आणि आजूबाजूच्या शेतांतला आंबा बाजारात आलेला असतो. हो, आंबा, त्या भागात आंबा आणि अवोकाडोची शेतीच आहे. हापूसशी तुलना करून तोंड वाकडं करायचं नाही, दिसला की घ्यायचा.

गुडघ्यांचं खरं सांगते. गाव उतारावर आहे, बुरियाना बीचला जाणारा रस्ता उतरताना बरा वाटतो, चढताना टॅक्सी करा. गुहा गावापासून तीनेक किलोमीटरवर मारो नावाच्या वस्तीजवळ आहेत (नावाला हसून झालं आमचं). १९५९ च्या जानेवारीत पाच पोरं वटवाघळं पकडायला म्हणून एका भोकातून आत उतरली आणि त्यांना ही गुहा सापडली. आतमध्ये एक खांब आहे, वरून लोंबणारा आणि खालून वाढणारा दगड जुळून झालेला, सुमारे ३२ मीटर उंच, मान मोडेपर्यंत वर बघायचं. पण पायऱ्या शेकड्यांनी आहेत, ओलसर आहेत. माझी आई बाहेरच्या बागेत बसली, आम्ही जाऊन आलो, तिला वाईट वाटलं नाही असं ती म्हणाली. मला वाटलं.

तिला आवडला तो बाल्कोन दे युरोपा, समुद्रावर पुढे आलेला सपाट कडा, जिथे पूर्वी किल्ला होता. १८८४ च्या नाताळात तिकडे मोठा भूकंप झाला, त्यानंतर राजा बारावा अल्फोन्सो बघायला आला आणि त्याने हे नाव दिलं असं सांगतात, त्याचा पुतळा कठड्याला टेकून उभा आहे. बाकं आहेत, चढ नाही. रोज संध्याकाळी आई तिथे जाऊन बसायची आणि एका स्पॅनिश आजीशी गप्पा मारायची, ती स्पॅनिशमध्ये आणि ही मराठीत. काय बोलायच्या देव जाणे. तिसऱ्या दिवशी त्या आजीने हिच्यासाठी घरून बदाम आणले.

विमानाची भीती वाटते. दुसरा रस्ता? — बर्मिंगहॅम

आहे पण लांबचा. प्लिमथहून सांतांदेरला बोट जाते, १९७८ पासून चालू आहे, साधारण वीस तास, वाटेत डॉल्फिन दिसतात आणि बिस्केचा उपसागर खवळला तर पोटातलं सगळंही दिसतं. शिवाय सांतांदेर स्पेनच्या उत्तर टोकाला आणि नेर्हा दक्षिण टोकाला. त्यापेक्षा ट्रेन बरी, लंडन-पॅरिस सव्वादोन-अडीच तास, पॅरिसात स्टेशन बदलून बार्सिलोना साधारण सात तास, तिथे रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी मालागा साधारण सहा तास. नेर्हाला रेल्वे नाही, मालागाहून बसच. विमानाने आलात तरी तेच, एअरपोर्टहून सी-१ लोकलने मालागा मारिया साम्ब्रानो स्टेशन, बस स्टँड शेजारीच आहे.

सटरफटर

प्लग: इथला तीन पिनी चार्जर चालणार नाही, आई-बाबांचा भारतातला दोन गोल पिनांचा चार्जर सरळ बसतो. त्या आठवड्यात घरात सगळ्यांना त्यांच्याशी गोड बोलावं लागतं.

घड्याळ: एक तास पुढे, बाराही महिने. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो.

कार्ड: मशीन विचारतं पाउंडात की युरोत, युरोच दाबा, पाउंडाचा रेट ते आपल्या सोयीने लावतात.

आजारपण: इथे राहणाऱ्यांनी जीएचआयसी कार्ड (परदेशात सरकारी उपचारांसाठीचं) एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या साइटवरून काढा, फुकट मिळतं, पण त्यावर सरकारी दवाखानाच चालतो, आणि पाहुण्या आई-बाबांना ते मिळत नाही, त्यांचा इन्शुरन्स चांगला घ्या. इमर्जन्सी नंबर ११२.

आणि क्रॉयडनच्या बाईंनी खाली बारीक अक्षरात विचारलंय की काकवी आणता येते का. येते, पण पातळ आहे, बाटली चेक-इन बॅगेत टाका, दोन पिशव्यांत गुंडाळून. आमची एक बाटली हँडबॅगेत राहिली होती ती मालागाच्या सिक्युरिटीवर गेली. दुसरी घरी पोचली, आईने दुसऱ्याच दिवशी घावन घातले.